क्वार्टर स्केल कब: 14 महिने, 59 उड्डाणं आणि एक रबरी बूच

सरळ मुद्द्यावर येतो. रेडिओने उडवायच्या पायपर कब विमानाचं चौथा हिस्सा आकाराचं मॉडेल बांधायचं हे किट चांगलं आहे. नकाशा उत्तम, लाकूड बरं, आणि उडतं तर झकास. तरी पाचपैकी तीनच तारे देतोय: एक तारा टाकीच्या तोंडाला लावायच्या बुचापायी कापला, एक सैल खाचांपायी. एवढंच कळायचं असेल त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

शॉर्ट किट म्हणजे काय आणि 35 सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला प्रॉप (पुढचा पंखा) कुठला लागतो, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून लिहितोय. ज्यांनी मोठ्या आकाराचं विमान अजून केलेलं नाही त्यांच्यासाठी एकच हिशेब सांगतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. खऱ्या पायपर जे-3 कबचा पंखविस्तार 10.74 मीटर, चौथा हिस्सा 2.68 मीटर. इथवर सोपं आहे. वजन मात्र चौथ्या हिश्श्याने उतरत नाही, 4 गुणिले 4 गुणिले 4 असं 64 ने उतरतं. खऱ्याचं कमाल वजन 553 किलो, म्हणजे मॉडेलच्या वाट्याला साधारण 8.6 किलो. माझं पेट्रोलसकट 8.3 भरतं. पहिल्या अंदाजात मी पंधरा किलो धरून बसलो होतो आणि त्या हिशेबाने अंडरकॅरेजची (चाकांच्या पायांची) तार इतकी जाड आणली की तिचं आता कोटाचं हुक झालंय.

शॉर्ट किट असल्याने यात लेझरने कापलेल्या रिबा (पंखाच्या फासळ्या) आणि फॉर्मर (धडाच्या आडव्या चौकटी), नकाशाची गुंडाळी आणि 'हार्डवेअर'चं पाकीट एवढंच येतं. स्पार, लाँगेरॉन (पंखाच्या आणि धडाच्या लांब काड्या), शीट, कापड सगळं आपलं आपण. मला तेच हवं होतं. संपूर्ण स्क्रॅचबिल्डची (सगळे भाग आपणच कापून बांधायची) हिंमत नव्हती आणि तयार विमान घेऊन उडवण्यात राम नाही.

पहिली तक्रार दुसऱ्याच दिवशी. नकाशा मूळचा इंचांत काढलेला, त्यामुळे फॉर्मरच्या खाचा आठव्या भागाच्या, म्हणजे 3.175 मिलिमीटरच्या. सोबतचं प्लाय मात्र सरळ 3 मिलिमीटरचं. 0.175 चा फरक तो काय, असं मलाही वाटलं. पण प्रत्येक सांध्यात फॉर्मर थोडा डोलतो, आणि डोलणारे सगळे फॉर्मर ओळीत उभे केले की फ्यूजलाज (धड) केळफुलासारखं एका बाजूला कलतं. कागदाच्या बारीक पट्ट्या खाचेत कोंबून, वरून पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) सोडून मी ते सरळ केलं. दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हा वाटलं होतं, या किटबद्दल शिव्या घालायच्या तर याच मुद्द्यावर. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

लाकडाचं सांगतो, कारण यात किटवाल्याचा दोष नाही, पण शेपटी बांधताना हे कळलं नाही तर पुढे रडाल. तीन मिलिमीटर जाड, शंभर रुंद, 915 लांब अशा दोन बाल्सा शीट शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना जुळ्या वाटतात. काट्यावर एक भरली 29 ग्रॅम, दुसरी 54. कबचं नाक आखूड आणि शेपटी लांब. सीजीपासून (तोलाच्या बिंदूपासून) शेपटीचं अंतर नाकाच्या साधारण तिप्पट, म्हणून शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम शिशाचा दंड. पहिली शेपटी मी हाताला लागेल त्या शीटची केली आणि नाकात 280 ग्रॅम शिसं घालावं लागलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. मग मुकाट्याने स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू) नव्याने बांधले, प्रत्येक काडी तोलून. शेपटी 48 ग्रॅमने उतरली, शिसं 280 वरून 135 वर आलं. त्या दिवसापासून टेबलावर पट्टीच्या आधी काटा येतो.

पंखाची गोल टोकं किटमध्ये नाहीत. नकाशावर नुसती वक्ररेषा आहे. दीड मिलिमीटरच्या बाल्साच्या पाच पट्ट्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवल्या, जाड पुठ्ठ्याच्या साच्याभोवती वाकवल्या, मध्ये पांढरा गोंद, वर कपड्यांचे चिमटे, आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चिमटे काढले तेव्हा ती कमान तशीच राहिली, एक मिलिमीटरही उघडली नाही. इतकी हलकी की हातात आहे की नाही कळेना. अख्ख्या 14 महिन्यांत मला एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नसेल, पहिल्या उड्डाणानेही नाही. पहिल्या उड्डाणाला तर मी घाबरून नीट बघितलंच नाही.

आठ महिन्यांनी विमान तयार झालं. सीजी पुढच्या कडेपासून 11 सेंटिमीटरवर, पंखांच्या टोकांना साधारण दोन अंशांचा पीळ, पिवळं कापड, काळी विजेची रेघ. उडण्याबद्दल थोडक्यात: तरंगतं. खऱ्या कबसारखंच वळताना नाक उलट्या दिशेला ओढतं, म्हणून नुसत्या एलेरॉनने (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांनी) वळवू नका, रडरसाठी डावा अंगठा कामाला लावा. ट्रान्समीटरमध्ये रडरचं मिक्स (एलेरॉनसोबत रडर आपोआप हलणं) घालता येतं, मीही घातलं होतं. दहाव्या उड्डाणानंतर काढून टाकलं. हाताने केलेलं वळण वेगळंच दिसतं, बघणाऱ्यालाही कळतं.

आता बूच.

अठराव्या उड्डाणात टेकऑफनंतर इंजिन खोकलं. विसाव्यात बंद पडलं, पण उंची होती, डेडस्टिक म्हणजे इंजिनाविना उतरवलं. घरी आणून कार्ब्युरेटरची एच सुई (फुल थ्रॉटलला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी) थोडी उघडली, प्लग बदलला, इग्निशनची बॅटरी बदलली. जमिनीवर इंजिन शिवणयंत्रासारखं चाले. बावीसाव्यात पुन्हा बंद, पुन्हा वाचलं. कार्ब्युरेटर उघडून बघितलं तर आतल्या बारीक जाळीवर काळे चिकट कण. साफ केले. इंजिन बनवणाऱ्याला मनातल्या मनात बरंच बोललो. या लेखाच्या पहिल्या मसुद्यात ते लिहूनही काढलं होतं. ते सगळं मागे घेतो. इंजिनाचा काडीचाही दोष नव्हता.

तेविसाव्या उड्डाणात विमान पंधराएक मीटरवर नाक वर करून चढत असताना इंजिन गप्प झालं. त्या उंचीवरून मागे वळायचा मोह ज्याने आवरला नाही त्याचं विमान पोत्यात घरी येतं. मी समोरच्या गवतात सरळ घातलं. पंख वाचले. अंडरकॅरेज मुळासकट उपटलं, तिसरा फॉर्मर फाटला, प्रॉपचे दोन तुकडे झाले.

मैदानावर एक काका येतात, माझ्या जन्माच्या आधीपासून विमानं उडवणारे. त्यांनी तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "जमिनीवर नाक वर धरून फुल थ्रॉटल दिला होतास कधी?"

"नाही काका. सपाट ठेवूनच ट्यून केलं."

"मग ट्यून काय केलंस? घरी जा, टाकी उघड."

घरी जाऊन टाकी उघडली. बूच बाहेर येताना सुटं आलंच नाही, भिजलेल्या साबणासारखं बोटांना लागत आलं. त्याच जातीच्या रबराची आतली नळी फुगून बुचातल्या पितळी नळीवरून निसटली होती आणि तिच्यासकट क्लंक (पेट्रोल जाईल तिकडे लोळून ते ओढून घेणारं टोकाचं वजन) टाकीच्या तळाशी मोकळा लोळत होता. हे लक्षात आल्यावर सगळं उलगडलं. विमान सपाट असताना पितळी नळीच्या उघड्या तोंडाला पेट्रोल मिळत होतं, म्हणून इंजिन खूश. नाक वर झालं की पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जायचं आणि कार्ब नुसती हवा ओढायचा. जाळीवरचे काळे कणही बुचाचेच.

आमच्याकडे हे ज्ञान सगळ्यांना असतं आणि वेळेवर कुणालाच आठवत नाही: सिलिकॉन मेथेनॉलला चालतं, पेट्रोलला नाही. पेट्रोलला बूच नायट्रिल किंवा व्हायटॉनचं (पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं) हवं आणि नळी टायगॉनसारखी (पेट्रोलला टिकणाऱ्या प्लॅस्टिकची). मी काळजी घेतली नव्हती असं नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत 'सर्व इंधनांसाठी' छापलेलं आहे. मी छापलेल्यावर विश्वास ठेवला, हीच काय ती चूक.

तरी खात्री करावी म्हणून पाकिटातलं दुसरं, कोरं बूच घेतलं. व्हर्नियरवर व्यास 19.0. झाकणाच्या काचेच्या बाटलीत पेट्रोल घालून गॅलरीत ठेवलं. चोवीस तासांनी 22.4. बाहेर काढून वाळवलं तर आणखी दोन दिवसांत 18.6 वर आलं आणि कडेला नखाने तुकडे निघायला लागले. तीनही मापांचे फोटो, बिल, पाकिटाचा फोटो असं सगळं विक्रेत्याला पाठवलं.

उत्तर चार दिवसांनी आलं. "आपण इंधनात ऑइल मिसळत होता काय?" टू-स्ट्रोक इंजिनात! 40 ला 1, लिटरमागे 25 मिलिलिटर, आणखी कुठे घालणार? दुसरं उत्तर: "छपाई पॅकिंगपुरती असून ती हमी समजू नये." हे वाक्य मी फ्रेम करून टेबलावर लावणार होतो. तिसरं पत्र जरा चढ्या आवाजात लिहिलं. त्यानंतर चौकशी नाही, माफी नाही, एक पाकीट आलं. आत 'सदिच्छा भेट' म्हणून दोन बुचं. तीच. त्याच साच्यातली, तोच छापील मजकूर.

फाटलेला फॉर्मर, प्रॉप, अंडरकॅरेजची पट्टी, इपॉक्सी आणि तीन आठवडे हे सगळं माझ्या खिशातून. किटवाल्याने हे बूच घालून वाचवलं किती असेल? पेट्रोलला खरंच चालणाऱ्या बुचाचा खर्च या विमानाच्या एकूण खर्चात नखाएवढाही नाही. लाकूड कमअस्सल दिलं असतं तर मी तोलून निवडलं असतं. खाचा सैल होत्या, कागद कोंबला. पण बूच टाकीत असतं, टाकी फायरवॉलमागे (इंजिन ज्यावर बसतं त्या फळीमागे) असते, आणि तिथे रोज कोण डोकावतं?

इथवरचं रागात लिहून ठेवलं होतं. मग दुरुस्ती केली आणि दोन गोष्टींत मत बदललं.

पहिली म्हणजे तिसरा फॉर्मर. किटवाल्याकडून सुटा भाग मागवायची इच्छाच उरली नव्हती, म्हणून नकाशावरून ट्रेस केला, 3 मिलिमीटरच्या बर्च प्लायवर उतरवला आणि कोपिंग सॉने हाताने कापला. खाचा माझ्या लाकडाच्या मापाने. बसवला तर टपकन बसला. कागद नाही, डोलणं नाही. मग लक्षात आलं की या किटमध्ये मोलाचा आहे तो नकाशाच. रिबा लेझरने कापून मिळाल्या त्याने वेळ वाचला, नाही म्हणत नाही. पण पुढचं विमान नुसता नकाशा घेऊन करणार. ज्या हिंमतीसाठी शॉर्ट किट घेतलं, ती फाटलेल्या फॉर्मरने दिली.

दुसरी, पाकिटातल्या बाकीच्या वस्तू. त्या मी वाईट धरून चाललो होतो, पण बिजागऱ्या आणि कंट्रोल हॉर्न 59 उड्डाणांनंतरही ठणठणीत आहेत. न्याय तर न्याय. धातूच्या क्लेव्हिसवर (कंट्रोलच्या दांडीच्या टोकाच्या चिमट्यावर) मात्र पेट्रोलच्या नळीची छोटी रिंग चढवून ठेवा. कंपनाने उघडतात, आणि एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीचा) उघडला तर बूच परवडलं म्हणाल.

नायट्रिलचं बूच आणि टायगॉन घातल्यापासून 36 उड्डाणं झाली, एकदाही इंजिन खोकलेलं नाही. टायगॉनही कालांतराने कडक होते, म्हणून हंगामाला एकदा बदलतो. आणि दर वेळी मैदानावर पोचलो की आधी मागून विमान घट्ट धरायला कुणाला तरी सांगतो, नाक आकाशाकडे, फुल थ्रॉटल, मनात वीसपर्यंत मोजतो. लोक हसतात. काका हसत नाहीत.

तारे तीनच. बूच बदललं असं किटवाल्याने पत्राने कळवलं तर चार करीन. पाच नाही; खाचा अजून सैल आहेत.

एक राहिलं. खऱ्या जे-3 कबला इंधनाचा काटा नसतो. विंडशील्डसमोर टाकीचं झाकण असतं, त्यातून एक तार बाहेर आलेली असते, आणि तारेच्या खालच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारं चक्क बुचाचं लाकूड. तार खाली गेली की पेट्रोल संपत आलं. माझ्या मॉडेलवर ते झाकण करायचं राहून गेलं होतं. विक्रेत्याने 'सदिच्छा' म्हणून पाठवलेल्यांपैकी एक बूच काउलिंगमागे (इंजिनावरच्या आवरणामागे) चिकटवलं, रंगवलं, मधोमध तार टोचली. अगदी बरोबर दिसतं. तिथे पेट्रोलचा थेंबही पोचत नाही, त्यामुळे टिकलंय.