एबीएसचा दिवा, हातातला स्कॅनर आणि 'इरेज'चे बटण : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या रविवारी मेहुण्यांनी माझा स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून तिने नोंदवलेल्या बिघाडांचे कोड वाचायचे यंत्र, मागून नेला आणि संध्याकाळी मोठ्या आनंदाने फोन करून कळवले, की त्यांच्या गाडीतील एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझला. कोड कोणता आला होता, असे मी विचारले, तेव्हा त्यांना सांगता येईना. दोष त्यांचा नाही. या उपकरणावर 'रीड'च्या अगदी खाली, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर 'इरेज'चे बटण आहे आणि ते दाबल्यावर 'नक्की पुसू का' एवढेसुद्धा विचारले जात नाही. साडेआठ हजार रुपयांच्या वस्तूला एक प्रश्न विचारता येऊ नये, याचा राग मला नऊ महिने आहे आणि आज तो लिहून काढतो आहे.

स्कॅनरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हेच यंत्र वेगवेगळ्या रंगांच्या खोक्यांतून वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. इंजिन, गिअर, एअरबॅग आणि एबीएस अशा चार यंत्रणा वाचणारा, तारेचा, हातात धरायचा प्रकार म्हटले की जाणकारांना पुरे. त्याआधी सहाशे रुपयांचा ब्लूटूथचा तुकडा घेऊन मी फसलो होतो. तसले स्वस्त तुकडे बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. 'सी'ने सुरू होणारे चासीचे, म्हणजे एबीएससारख्या यंत्रणांचे, कोड त्यांना दिसत नाहीत.

खरेदीचे निमित्त असे. आमच्या २०१६ च्या डिझेल गाडीचे ब्रेकचे पेडल कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, गाडी जवळजवळ उभी राहत असताना, पायाखाली गुरगुरू लागले. आठवडाभराने दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून दहा मिनिटांत 'एबीएस मॉड्यूल' (त्या यंत्रणेचा मेंदू आणि पंप असलेला भाग) 'बदलावे लागेल' असे सांगितले आणि मजुरीसह बावन्न हजारांचे एस्टिमेट हातात ठेवले. कोणता कोड आला, हे कागदावर नव्हते, आणि विचारल्यावर 'तो आम्ही क्लिअर केला' असे उत्तर मिळाले. म्हणजे 'इरेज'ची खोड केवळ माझ्या यंत्राला नाही.

स्कॅनर आला त्या दिवशी मीही उत्साहाच्या भरात तेच बटण दाबले. दिवा विझला, मी पेढे आणायचा बाकी राहिलो, आणि कागलच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला. या वेळी कोड वहीत लिहून घेतला : मागील डावे चाक, वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल चुकीचा किंवा नाही. पुसून पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. किल्ली ऑन केल्यावर दिवा तीनेक सेकंद लागून विझत होता आणि गाडी चालू लागल्यानंतरच परत येत होता. सेन्सरची तार तुटली किंवा शॉर्ट झाली असती, तर मॉड्यूलने जागच्या जागी तक्रार केली असती. चाक फिरल्यावरच तक्रार येते, म्हणजे वीज पोहोचते आहे पण चाकाची बातमी नीट येत नाही. एवढा तर्क करायला कोडइतकेच तो कधी उगवतो हेही पाहावे लागते, आणि नेमकी तीच माहिती 'इरेज'वाले घालवून बसतात.

मग चिरंजीवांना गाडी चालवायला बसवून मी सायबर चौकापासून विद्यापीठाच्या रस्त्याने चारही चाकांचे वेग स्क्रीनवर पाहत राहिलो. (उन्हात स्क्रीन दिसत नाही, टॉवेल डोक्यावर घेऊन पाहावे लागले.) तीन चाके ताशी बारा-तेरा किलोमीटर दाखवत असताना मागचे डावे शून्य दाखवायचे, मध्येच उडी मारायचे, आणि पंचवीसच्या पुढे इतरांच्या बरोबरीने चालायचे. आमच्या गाडीचा सेन्सर जुन्या पद्धतीचा, म्हणजे चुंबक आणि तारेची गुंडाळी. त्याचा सिग्नल वेगाबरोबर वाढतो. चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग आणि सेन्सरमधील फट वाढली किंवा टोकावर घाण बसली, की कमी वेगात तो आधी मरतो. मॉड्यूलला वाटते चाक लॉक झाले, म्हणून ते ब्रेक सोडू पाहते. सिग्नलवरच्या गुरगुरण्याचा अर्थ असा लागला.

मल्टिमीटरवर दोन्ही मागच्या सेन्सरांचा रोध अकराशे ओहमच्या आसपास, जवळजवळ सारखा भरला, म्हणजे गुंडाळी धड होती. नव्या गाड्यांतील सक्रिय सेन्सरला ही परीक्षा लागू नाही. त्यावर ओहम मोजू नयेत, त्यात तो बिघडू शकतो. ड्रम उतरवल्यावर सेन्सरच्या टोकाला काळ्या लोखंडी किसाची दाढीच उगवलेली दिसली. ड्रम बिडाचा, टोकाला चुंबक, आणि राहायला फाउंड्र्यांचे गाव. दुसरे काय होणार? रिंगेवर गंजाचे पापुद्रेही होते. वायर ब्रश, कापड आणि दोनशे रुपये मजुरी एवढ्यात बावन्न हजारांचे मॉड्यूल बरे झाले. त्या दिवशी मी या यंत्राला पाचपैकी पाच दिले असते.

फेब्रुवारीत ते मत बदलले. पुन्हा दिवा लागला आणि या वेळी एबीएसच्या पानावर स्कॅनर नुसता 'संपर्क नाही' म्हणू लागला. इंजिनच्या पानावर मात्र यू०१२१ हा कोड होता, म्हणजे एबीएस मॉड्यूलशी बोलणे तुटले आहे, अशी इतर मॉड्यूलची तक्रार. विक्रेत्याने सॉफ्टवेअर अपडेट करा म्हटले, केले, फरक पडला नाही. मी यंत्राला फसवणूक ठरवून मोकळा झालो होतो, पण ते खरेच सांगत होते, मलाच कळत नव्हते. जे मॉड्यूल जागेच नाही, ते उत्तर काय देणार?

उद्यमनगरातील ज्या वायरमनकडे गाडी नेली, त्यांनी स्कॅनरकडे पाहिलेही नाही. बॅटरीवर बारा पॉइंट सहा व्होल्ट पाहिले, एबीएसचे फ्यूज पाहिले, मॉड्यूलचा कपलर (वायरींचा जोड) काढला. पॉझिटिव्ह आणि अर्थच्या (निगेटिव्हच्या) पिनांमध्ये मीटरने बारा व्होल्ट दाखवले, तेव्हा मी म्हटले, सप्लाय तर ठीक आहे. त्यांनी हेडलाइटचा पंचावन्न वॅटचा जुना बल्ब दोन वायरी लावून त्याच पिनांना जोडला. बल्ब मंद, पिवळसर पेटला. "साहेब, मीटरला करंट लागत न्हाई, बल्बला लागतो," ते म्हणाले आणि बल्ब तसाच ठेवून मीटरचे एक टोक अर्थच्या पिनला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. तीन व्होल्टच्या वर आले, जिथे व्होल्टच्या एक-दोन दशांशापेक्षा जास्त यायला नको. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा बोल्ट हिरवट पांढऱ्या कीटाने भरला होता. पॉलिशपेपरने घासून, आवळून, वरून व्हॅसलीन लावल्यावर बल्ब भक्क उजळला आणि स्कॅनरला मॉड्यूल सापडले. चारशे रुपये.

मॉड्यूल खरेच जात नाहीत असे नाही. सप्लाय आणि अर्थ भाराखाली (बल्ब जोडून पाहिल्यावर) पक्के असूनही पंपाचे किंवा व्हॉल्व्हचे कोड पुसल्याबरोबर परत येत असतील, तर आतील सोल्डरचे टाके सुटलेले किंवा पाणी शिरलेले असू शकते, आणि नवे मॉड्यूल बसवल्यावर ते गाडीशी जुळवण्यासाठी लागणारे कोडिंग या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. केवळ एबीएसचा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक चालतात, चाक लॉक होण्यापासूनचे संरक्षण तेवढे जाते. पण त्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही असेल, तर गगनबावड्याचा घाट उतरायचा बेत त्या दिवशी तरी रद्द करावा.

हिशेब मांडला तर स्कॅनर साडेआठ हजार, दुरुस्त्या सहाशे, आणि एस्टिमेटचा कागद जपून ठेवला आहे. त्यामुळे आता चार तारे देतो. पाचवा त्या बटणाने खाल्ला. मेहुण्यांचा फोन ठेवल्यावर औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा एक रिकामा फुगा कापून मी 'इरेज'वर चिकटपट्टीने बसवला आणि उत्साहाने त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवला. अशाने वॉरंटी रद्द होते, असे त्याचे उत्तर आले. तीन महिने उरले आहेत. तोवर फुगा काढून ठेवला आहे, आणि मेहुण्यांना स्कॅनर द्यायचा नाही असे घरात सांगून ठेवले आहे.