गोठ्याच्या जागी दोन खोल्या: कुडाळच्या बांधकाम सल्लागारांचा अनुभव

घरामागच्या जागेत लहानसं घर बांधून ते गावात नोकरी करणाऱ्या माणसाला परवडेल अशा भाड्याने द्यायचा विचार असेल, तर कुडाळच्या या दोघांकडे जरूर जा. भाऊ सिव्हिल इंजिनिअर, बहीण आर्किटेक्ट. नकाशा, कागदपत्रं, ग्रामपंचायतीची फाइल, गवंडी-सुतार बघून देणं आणि शेवटी भाडेकरार, एवढं सगळं ते एका ठरलेल्या फीमध्ये करतात. आचऱ्याला आमच्या घरामागे त्यांनी ३८० चौरस फुटांचं घर उभं केलं. गेला पावसाळा त्या घराने नीट काढला, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

गुरं विकल्यापासून आमचा गोठा रिकामाच होता. वाडीत असे रिकामे मांगर पुष्कळ. दुसऱ्या बाजूला आरोग्य केंद्रातल्या नर्स, हायस्कूलवर आलेले नवे शिक्षक, बँकेत लागलेली मुलं खोली शोधत फिरतात. मालवण-तारकर्लीकडे जी बरी खोली असेल ती होमस्टेला जाते. मे महिन्यात एका रात्रीचे दोन हजार मिळत असताना महिन्याच्या साडेतीन हजारांवर खोली कोण देणार? मी प्राथमिक शिक्षिका होते. पहिल्या नेमणुकीला देवगड तालुक्यात एका घराच्या पडवीत पडदा लावून राहिले. घरच्यांची न्हाणी अडू नये म्हणून पहाटे काळोखात उठून आंघोळ उरकायची. स्वतःचं दार, स्वतःची कडी आणि स्वतःचा संडास असला की परगावी नोकरी करणाऱ्या बाईचा जीव केवढा हलका होतो, हे मला चांगलं माहीत आहे.

या दोघांची एक अट मला फार आवडली. पहिली तीन वर्षं घर पर्यटकांना न देता इथे काम करणाऱ्या माणसालाच देईन, असं लिहून दिलं तर ते फी निम्मी घेतात. ही कल्पना त्यांनी लॉस एंजेलिसच्या ‘ला मास’ या संस्थेकडून घेतली. त्या संस्थेने घरमालकांना परसात छोटं घर बांधायला मदत केली आणि त्या बदल्यात ते घर काही वर्षं सरकारी भाडे-मदत मिळणाऱ्या कुटुंबाला द्यायची अट घातली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा घराचा अर्ज पूर्ण भरून दिला की ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, हेही बहिणीने सांगितलं. आपल्याकडे असं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे खरी गाठ पडते ती सातबाऱ्याशी. आमच्या उताऱ्यावर चुलत दीर, पुतणे मिळून सोळा नावं, आणि निम्मी माणसं मुंबईला. संमतीपत्राचा मसुदा या दोघांनी आषाढातच करून दिला आणि सांगितलं, गणपतीत सगळे घरी येतील तेव्हा सह्या घ्या. तसंच झालं. आरती झाली की एकेकाला नकाशा दाखवायचा, शंका फेडायच्या, सही घ्यायची. हे काम पोस्टाने वर्षभरातही झालं नसतं.

जमिनीची तपासणी ते सगळ्यात आधी करतात. आमच्या कामाच्या वेळी नियम असा होता, की जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नसे, रूपांतरण कर भरून काम होई. उलट किनाऱ्यालगत, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात आमच्याकडच्या गावांत नवीन बांधकामाला सहसा मनाई असते. माझ्या ओळखीच्या एकांची माडांची वाडी नेमकी त्या पट्ट्यात येते. त्यांना या दोघांनी पहिल्याच भेटीत नाही म्हणून सांगितलं आणि एक पैसा घेतला नाही. माझा विश्वास बसला तो तिथे.

आता भाडेकराराचं. कोकणात जुन्या माणसांच्या मनात एक भीती घर करून आहे. शेजारच्या काकी मला म्हणाल्या, “भाड्यान दितस? उद्या कूळ लागतला, मगे बस कपाळाक हात लावन.” आमच्या आजेसासऱ्यांची भातजमीन १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने (त्या दिवशी कसणारं कूळच जमिनीचं मालक धरलं गेलं) कुळांकडे गेली, त्यामुळे घरातही कुजबुज होतीच. इंजिनिअरनी सगळ्यांना खळ्यात बसवलं आणि शांतपणे समजावलं. कूळकायदा १९४८ चा, तो शेतजमिनीचा. राहत्या खोलीला भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोडून दाखवावं लागतं. म्हणजे कागद करण्यात मालकाचंच हित. आमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स त्यांनी ऑनलाइन नोंदवून दिला. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. काकींनी आता स्वतःच्या मांगराचं माप काढून घेतलं आहे.

बांधकामाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. गोठ्याचं जोतं भक्कम होतं, ते तसंच ठेवून वर दोन थर चढवले. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर राहिला की घट्ट होतो. म्हणून चिरे आधीच आणून परसात रचून ठेवले, आणि पिवळट मातीच्या पोकळ्या असलेले परत पाठवले. स्लॅब टाकला नाही. दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलच्या पट्ट्यापुरतं काँक्रीट, पण त्यातही सळीला ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीवर तेवढा काँक्रीटचा थर, कारण खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते आणि फुगून काँक्रीट फोडते. खाडीची वाळू त्यांनी अंगणात उतरूच दिली नाही. गोठ्याचे चांगले वासे परत वापरले, वर मंगलोरी कौलं. कडेच्या ओळींतलं प्रत्येक कौल तारेने बांधलं आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते इथून गेलं तेव्हा आमच्या पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडाली होती, त्यामुळे या तारेचं मोल आम्ही जाणतो. पश्चिमेकडचं पाख अडीच फूट पुढे काढलंय. आषाढातल्या झडीतही ती भिंत आतून कोरडी राहिली.

शोषखड्डा कुठे घ्यायचा यावर माझ्या मुलाचं आणि इंजिनिअरचं थोडं वाजलं. मुलाला तो जवळ हवा होता, पाइप कमी लागतो म्हणून. इंजिनिअर विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत यायला तयार नव्हते. जांभ्याला भोकं असतात, त्यातून पाणी झरझर पसरतं आणि खड्ड्यातली घाण विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. आमची विहीर दोन घरं पितात. इंजिनिअर अडून बसले ते योग्यच केलं.

उणिवाही सांगते. अंदाजपत्रकात विजेचा वेगळा मीटर धरलेला नव्हता, आणि खड्ड्यासाठी कातळ फोडायचा ब्रेकरही नाही. दोन्ही मिळून बत्तीस हजार वर गेले. असे खर्च पहिल्याच कागदावर यायला हवेत, पेन्शनवरच्या माणसाला ते मधेच काढणं जड जातं. सुतार शिमग्याला गेला तो लवकर परतला नाही, आणि भाऊ साइटवर असले की फोन उचलत नाहीत. बहिणीला मेसेज टाकावा, उत्तर संध्याकाळपर्यंत येतं. पहिल्या नकाशात नव्या घराचं दार आमच्या मागीलदाराकडे होतं. राहणारीला येता-जाता आमच्या नजरेखालून जावं लागेल, असं मी म्हटल्यावर त्यांनी विनातक्रार ते पाणंदीकडे फिरवलं.

एकूण खर्च सात लाख साठ हजार. भाडं साडेतीन हजार. घातलेले पैसे फिटायला अठरा वर्षं लागतील, तेव्हा झटपट कमाई हवी असेल त्यांनी या वाटेने येऊ नये. आमच्याकडे आरोग्य केंद्रातली नर्स तिच्या आईसोबत राहते. पूर्वी ती कणकवलीहून एसटीने ये-जा करायची आणि शेवटची गाडी चुकेल या धास्तीने घड्याळाकडे बघत काम करायची. आता रात्री बाळंतीण आली तर ती पाच मिनिटांत केंद्रात पोचते.

ज्यांना विचारायचं असेल त्यांनी सातबारा, आठ-अ आणि घरपट्टीचा उतारा घेऊनच कुडाळला जावं. पहिल्या भेटीची फी नाही. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. माघ उजाडेपर्यंत थांबलात तर चिरे आणि गवंडी दोन्ही मिळायला मारामार होते, आणि कौलं चढायच्या आधी मिरगाचा पाऊस गाठतो.