गोवा विद्यापीठातला पिसुर्लेकर संग्रह: स्पेलिंगची तयारी करूनच जा

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. मराठे-पोर्तुगीज संबंधांवर काम करणाऱ्याने तिथे आधी पिसुर्लेकर संग्रह बघावा. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख होते. हा एका राबत्या इतिहासकाराचा पुस्तकसाठा आहे, शोभेचं कपाट नव्हे. पुस्तकं बहुतांश पोर्तुगीज. ती भाषा अजिबात येत नसेल तर पिसुर्लेकरांचाच १९६७चा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ आधी वाचून काढा, मग या.

खरी अडचण शोधताना येते. कॅटलॉगमध्ये ‘पिसुर्लेकर’ दोन्ही तऱ्हेने टाकून पाहा, शेवटचा ‘क’ एकदा ‘के’ने, एकदा ‘सी’ने. पोर्तुगीज कागदांत ‘श’साठी ‘एक्स’ येतो, ‘कामत’चा ‘कामोतिम’ होतो, ‘नाईक’च्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ लागतं. त्यात १९११ साली पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं. एकोणिसाव्या शतकातले पोर्तुगीज अभ्यासक कुन्हा रिव्हारा यांच्या ‘आर्किव्हो पोर्तुगेज ओरिएंताल’ या छापील दस्तऐवज-संग्रहाच्या नावातल्या पहिल्या शब्दात जुन्या पद्धतीने ‘सी-एच’ आहे, नव्या पद्धतीने तिथे ‘क्यू-यू’ हवं. एकच स्पेलिंग टाकून ‘पुस्तक नाही’ असा निकाल लावू नका. लेखक शोधायचा तर शेवटच्या आडनावाने, म्हणजे ‘रिव्हारा’, ‘कुन्हा’ नव्हे.

जुन्या छापाचा हट्टही दरवेळी नको. जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण गोव्यातल्या राशोलला १६४० साली छापलं गेलं, पण भाषेच्या अभ्यासाला कुन्हा रिव्हारांची १८५७ची आवृत्ती चालते. संग्रहातलं बरंच साहित्य डिजिटल झालंय, तेव्हा नुसता मजकूर हवा असेल तर आधी पडद्यावर पाहा. मूळ प्रत मागायची ती समासातल्या टिपा, बांधणी किंवा कागदाचं जलचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर दिसणारी खूण) तपासायला. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई स्कॅनमध्ये पुढे उमटते आणि आकडे हमखास चुकीचे वाचले जातात. तारखा आणि रकमा मुळावरून ताडून घ्या.

हाताळताना पेन्सिलच वापरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदाला हातमोजे नकोत, बोटांची जाणीव जाते आणि पान फाटतं. पुस्तक दोन्ही बाजूंनी उशीवर टेकवा, सपाट उघडलं की कणा तडकतो. गोव्यातला पावसाळा या साहित्याचा वैरीच. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते, गुळगुळीत कागदावरची चित्रं एकमेकांना चिकटतात. चिकटलेलं पान सुटं करायला जाऊ नका, ते काम ग्रंथपालांवर सोडा. जमलं तर डिसेंबर ते मार्च गाठा.

इथे सगळं मिळेल असं मात्र नाही. ‘मोन्सोंइश दु रेइनु’च्या, म्हणजे लिस्बन-गोवा सरकारी पत्रव्यवहाराच्या, बाडांसाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे. जुन्या गोमंतकीय वृत्तपत्रांसाठी पणजीतच पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ सालचं. या दोन्हींची फेरी त्याच खेपेत उरकता येते.

कार्यक्रमांत रस असेल तर विद्यापीठाच्या अध्यासनांचे छोटे अभ्यासक्रम बघत राहा, कुन्हा रिव्हारा अध्यासन त्यातलंच. बाहेरच्यांनाही बसता येतं. नोंदणी वेळेत करा, आणि त्याच आठवड्यात संग्रहातली पुस्तकं आधी कळवून काढून ठेवायला सांगा.