जॅकवाला फोन आणि आवाजाच्या पंधरा पायऱ्या

कॅमेरा आणि प्रोसेसरबद्दल इथे काही मिळणार नाही. नवा फोन घेताना अटी तीनच होत्या: पंधरा हजारांच्या आत, वायरचे इअरफोन लावायला ३.५ मिमीचा जॅक, आणि दोन सिम घालूनही मेमरी कार्डाला वेगळी जागा. कंपनीचं नाव घेत नाही, पुढे भांडण आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून जॅक गेला, मागोमाग बाकीच्यांनीही काढला. आता तो मिळतो बहुतेक स्वस्त फोनांतच. महागड्यांना काय धाड भरली होती कोण जाणे.

वायरने आवाज स्वच्छ येतो, वाद नाही. सीडीवरून काढलेल्या फ्लॅक फाइल्समध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेल्या, तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते. सीडीचा दर सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवरून गाणं पाठवायची एक पद्धत, एलडॅक, ताणून ताणून ९९० पर्यंत जातो, आणि सिग्नल खराब झाला की ३३० वर उतरतो. शिवाय ते इअरबड रोज चार्ज कोण करणार? एफएमही चालतो, कारण इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. सकाळी विविध भारती, डेटा न जाळता.

आता मुख्य दुखणं. अँड्रॉइडमध्ये गाण्याच्या आवाजाला मुळात १५ पायऱ्या असतात. काही कंपन्यांनी त्या वाढवल्या, माझ्या फोनवाल्यांनी नाही. रात्री अकराला विलंबित ख्याल लावा. पहिल्या पायरीवर तानपुरा गायब, दुसरीवर तबलजी थेट उशीवर येऊन बसतो. मधलं काही नाहीच! दिवसा रिक्षात, बसमध्ये हे जाणवत नाही, म्हणून परीक्षणांत कोणी लिहीत नाही. ही माणसं रात्री ऐकत नाहीत की काय?

इतकं लिहून 'घेऊ नका' म्हणणार होतो, तेवढ्यात श्रावणात इअरफोनच्या डाव्या कानातला आवाज बंद पडला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोन उघडला, आतली ओल ओळखायची पट्टी लाल झाली आहे असं दाखवलं आणि म्हणाले, "पाणी गेलंय सर, वॉरंटी नाही. खालचा बोर्ड बदलावा लागेल, बावीसशे." रेनकोटाच्या आतल्या खिशातल्या फोनमध्ये पाणी! "पुण्यात पावसाळा असतो हे तुमच्या कंपनीला माहीत आहे का?" असं विचारलं. उत्तर नाही. फोन उचलला आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. तिथल्या पोराने जॅकमध्ये साचलेला खिशातला कापूस सुईने काढला, स्पिरिटचा बोळा फिरवला. शंभर रुपये. दोन्ही कान चालू.

तिथेच वायरवर आवाजाची चकती असलेले इअरफोन टांगलेले दिसले, दीडशेला. फोन पाचव्या पायरीवर ठेवायचा आणि चकतीने हवा तितकाच आवाज सोडायचा. अगदी खाली नेली की एक कान किंचित आधी मिटतो, पण रात्रीचा ख्याल आता नीट ऐकता येतो. प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, खाली ओढूनही काम होतं, फुकटात. पण ते त्या प्लेअरपुरतंच, एफएमला लागू नाही. चकती सगळ्याला चालते.

म्हणून मत बदललं: फोन घ्या, सर्व्हिस सेंटरच्या वाटेला जाऊ नका. मात्र दुकानात आपले इअरफोन लावून पहिली पायरी ऐकल्याशिवाय पैसे काढू नका. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्यावं.