दारावर विकत घेतलेला वॉटर प्युरिफायर : पोरगा पास, मशीन ठीक, डेमो नापास

निकाल आधीच सांगून टाकतो. मशीन ठीक आहे, आजही चालू आहे. विकायला आलेला मुलगा उत्तम होता. पण कंपनीने त्याच्या बॅगेत जो डेमो भरून दिला होता तो साफ नापास, आणि पुढचं सगळं लिहिण्याचं कारण तोच आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या पट्ट्यात त्यांचा हा एकच मुलगा फिरतो. नाव दिलं तर शाखेत पहिलं बोलणं त्यालाच खावं लागेल. शिवाय हा डेमो कुणा एकाची मक्तेदारी नाही. बॅगेवरचं नाव बदलतं, आतल्या डेमोच्या धातूच्या कांड्या त्याच असतात.

या विषयावर मी का बोलतो, तर तरुणपणी मी स्वतः दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकलेत. १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि भर उन्हात टाय लावून, जड खोका घेऊन दारात उभा राहिलेला माणूस मुंबईच्या सोसायट्यांना माहीत झाला. त्यांचं बघून इतरही कंपन्या या धंद्यात उतरल्या, त्यातल्या एका छोट्या कंपनीत मी होतो. दादर, माटुंगा, चेंबूर, मुलुंड. बिल्डिंगमध्ये शिरलं की थेट सर्वांत वर जायचं आणि एकेक मजला उतरत यायचं. बेल एकदाच वाजवायची. वाजवली की दोन पावलं मागे सरकायचं, म्हणजे भिंगातून बघणाऱ्याला आपण अंगावर आल्यासारखे दिसत नाही. दुपारी दोन ते चार बेलला हात लावायचा नाही. झोपेतून उठवलेल्या माणसाने आजवर काही विकत घेतलेलं नाही.

नकाराचे प्रकार तेव्हाच पाठ झाले होते. "आमच्याकडे आहे" हा सर्वांत सरळ. "मिस्टर घरी नाहीत" हा मिस्टर मागे सोफ्यावर दिसत असतानाही चालायचा. "आम्ही भाड्याने राहतो" हे दारावर मालकाच्या नावाची पितळी पाटी असलेल्या घरातून ऐकलंय. "पुढच्या महिन्यात या" म्हणणाऱ्याकडे नवा पोरगा खरंच पुढच्या महिन्यात जायचा, जुना जायचा नाही. आणि दार न उघडता आतून येणारं "नको!" आपण काय आणलंय हे कळायच्या आधीचं. उलट चेंबूरला एक निवृत्त गृहस्थ होते. ते डेमो पूर्ण बघायचे, चहा द्यायचे, मशीनची मोटर किती वॅटची ते विचारायचे आणि काहीही घ्यायचे नाहीत. टार्गेट अडलेलं असतानाही मी त्यांच्याकडे जायचो.

आता दार बदललंय. लाकडी दाराच्या पुढे जाळीचं सेफ्टी डोअर आलं, त्याच्या वर कॅमेरा, खाली गेटवर सिक्युरिटीचं ॲप. आमच्या गेटवर ठळक पाटी आहे : 'फेरीवाले व विक्रेते यांना सक्त मनाई'. त्याच पाटीखालून दिवसभर जेवणाचे, किराण्याचे, औषधांचे, कपड्यांचे डबे घेऊन पोरं आत जातात आणि त्यांना कुणी अडवत नाही, कारण त्यांना आपण बोलावलेलं असतं. न बोलावता आला तो संशयित. प्युरिफायरवाला मुलगा आमच्या वरच्या मजल्यावर कुणाचं तरी मशीन दुरुस्त करायला रीतसर नोंद करून आला होता आणि उतरताना त्याने बेल वाजवली, एवढंच. तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला : "एक इसम बी विंगमध्ये फिरत आहे, कृपया सावध राहावे." फोटोत तो इसम जिन्यातल्या खिडकीपाशी उभा राहून स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत होता.

सावधगिरीची मी थट्टा करत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दारातून फसवल्याच्या, लुबाडल्याच्या बातम्या येतात आणि त्या खऱ्या असतात. आमची ही दुपारी एकटी असते तेव्हा जाळी उघडत नाही, ते बरोबरच आहे. पण जाळी न उघडताही बोलता येतं, ओळखपत्र जाळीतून बघता येतं. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या डायरेक्ट सेलिंगवाल्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. त्यात ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही असं स्पष्ट म्हटलंय. हा मुलगा त्या साखळीतला नव्हता, पगारी होता. तरी मी कार्ड मागितलं. त्याने गळ्यातलं काढून जाळीला लावलं आणि स्वतःहून म्हणाला, "काका, ऑफिसला फोन करून विचारा, मी थांबतो." मी फोन केला. तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. इथेच त्याचे निम्मे मार्क पडले.

आता डेमो.

बॅगेतून त्याने एक काळा डबा काढला. डब्यातून कांड्यांच्या दोन जोड्या खाली आलेल्या, प्रत्येक जोडीत एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची. एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या मशीनचं. प्लग लावला, बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या ग्लासात हिरवट, मग तपकिरी, मग गटारासारखा गाळ तरंगायला लागला. दुसरा ग्लास जसाच्या तसा. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई, हे पितो आपण?" बहुतेक घरांत याच वाक्याला चेकबुक निघत असणार.

मी आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या आरओच्या ग्लासात टाकलं. म्हटलं, आता बटण दाब. ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही घाण झालं.

यात जादू काही नाही. गाळ पाण्यातून निघत नाही, कांडीतून निघतो. पाण्यात थोडे जरी क्षार असले तरी वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा हिरवा-तपकिरी साका दिसतो. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज जेमतेम वाहते आणि ग्लास स्वच्छ राहतो. म्हणजे हा डबा पाण्यात मीठ-क्षार आहेत एवढंच सांगतो, आणि ते गावातल्या विहिरीपासून बाटलीबंद मिनरल वॉटरपर्यंत सगळ्यात असतात. जंतूंचा याच्याशी काडीचा संबंध नाही. जाता जाता : हा खेळ घरच्या २३० व्होल्टवर चालतो. कुणी दाखवायला लागलाच तर लहान मुलांचे हात ग्लासापासून लांब ठेवा.

आमचा व्हॅक्यूम क्लीनरचा डेमोही नाटकीच होता. गादीवर नळी फिरवायची आणि फिल्टरमध्ये अडकलेली धूळ काळ्या कपड्यावर झटकून दाखवायची. बायका तोंडावर पदर धरायच्या. पण ती धूळ त्यांच्याच गादीतली होती. इथे घाण विकणाऱ्याच्या बॅगेतून येते आणि गिऱ्हाइकाच्या नळावर आळ येतो. मला राग आला तो यावर.

मुलाने वाद घातला नाही. ग्लासाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ट्रेनिंगमध्ये मिठाचं सांगितलं नाही, काका." मला ते खरं वाटलं. मग त्याने टीडीएस मीटर काढला, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. आमच्या नळाचं पाणी ७०च्या आसपास. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसाकडच्या तलावांतून येतं आणि त्यातलं बरंचसं भांडुपला शुद्ध होतं, म्हणजे आमच्यापासून दोन स्टेशनांवर. पावसाने भरलेल्या तलावांत क्षार कमीच असणार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ७० वाल्या पाण्यावर आरओ लावायचा म्हणजे नसलेला खारटपणा काढायचा आणि त्यासाठी पाण्याचा मोठा हिस्सा मोरीत सोडायचा. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा. बोअरवेल किंवा टँकरचं खारं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांना आरओ लागतोच.

आमच्याकडे प्रश्न असलाच तर तो सोसायटीच्या टाकीचा आहे. पालिकेचं पाणी चांगलं येतं आणि मग खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढताना जे व्हायचं ते होतं. तिथे क्षार नाही, जंतू आणि गाळ ही चिंता असते, आणि टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. मीटरवर ७० आलं म्हणून पाणी निर्धोक आहे असंही कुणी समजू नये.

मी एवढं बोलल्यावर मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "मग यूव्ही घ्या ना, दिव्याने जंतू मारणारं. माझं कमिशन त्यात कमी आहे, पण तुमच्याकडे तेच लागेल." दारात उभ्या असलेल्या विक्रेत्याने स्वतःचं कमिशन कमी करून बरोबर वस्तू सुचवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, कारण महिनाअखेरीला सायंकाळी शाखेत फळ्यावर नावापुढे आकडा लिहावा लागतो. उरलेले निम्मे मार्क इथे दिले. मी मशीन घेतलं.

मशीनबद्दल : आधी गाळ अडवणारी जाळी, मग कार्बन, मग यूव्हीचा दिवा. पाणी फुकट जात नाही, चवही बदलत नाही. वीज गेली की मशीन बंद, साठवणीची टाकी नाही, त्यामुळे ही एक कळशी भरूनच ठेवते. यूव्हीचं पथ्य एकच : पाणी गढूळ असेल तर दिव्याचा उजेड जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून पावसाळ्यात पहिल्या टप्प्याची गाळणी भराभर काळी होते आणि ती वेळेवर बदलावी लागते. या पावसाळ्यात पाण्याची धार बारीक झाली तेव्हा कारण तेच निघालं. भिंतीत छिद्रं पाडताना बसवणाऱ्याने टाईलचा एक कोपरा उडवला, त्याबद्दल अर्धा मार्क कापतो.

सर्व्हिसचा अनुभव मध्यम. पहिल्या वर्षी फुकट, पुढे वार्षिक करार. करार करण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या : दिवा आणि गाळण्या त्यात धरल्या आहेत की फक्त 'भेट', म्हणजे माणूस येऊन बघून जाणार एवढंच. फोनवर तुम्हाला 'सर्व काही कव्हर्ड' असं सांगतात आणि कागदावर ते भेटच निघतं. मला कागदावर दुरुस्ती सही-शिक्क्यासकट करून दिली, पण त्यासाठी आवाज चढवावा लागला.

ग्रुपवर मी नंतर लिहिलं की फोटोतला इसम माझ्याकडे आला होता, कार्ड तपासलंय, मशीन घेतलंय, कुणाला यूव्ही बघायचं असेल तर नंबर देतो. दोन अंगठे आले. सेक्रेटरींनी पाटीचा फोटो पुन्हा टाकला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी मात्र संध्याकाळी जाळीतूनच हळूच विचारलं, "तो कांड्यांचा डबा आमच्याकडे पण दाखवला होता हो, आम्ही तर आरओ घेऊन बसलो. आता काय करायचं?" त्यांना म्हटलं, घेतलाय तर वापरा, पण त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा, लादी पुसायला होईल. आणि पुढच्या वेळी कुणी डबा काढला की मिठाची बरणी जवळ ठेवा.