हिपॅटायटीस सीचा प्रकार: प्रतिपिंडांवरून ठरवावा की आरएनएवरून?

यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटीस सी विषाणूचा प्रकार ओळखण्यासाठी रुग्णाची प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) तपासावीत की थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, हे जळगाव-धुळ्याकडच्या लहान प्रयोगशाळेला ठरवायचे असते तेव्हा उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मी काही वर्षे दोन्ही मार्ग वापरले आहेत.

सीरोटायपिंगला, म्हणजे प्रतिपिंडांवरून प्रकार ठरवण्याला, सीरम (गोठलेल्या रक्तावरचा पातळ द्रव) पुरते आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या वाचणारे यंत्र, एलायझा रीडर, बहुतेकांकडे असतोच. मे महिन्यात चोपड्याहून एसटीने आलेली ट्यूब हाताला कोमट लागते, तरी प्रतिपिंडे सहसा तग धरून असतात. आरएनएसाठी मात्र जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले रक्त काही तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, प्लाझ्मा गोठवून, बर्फातच मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो. त्यात भारनियमन आले की जीव टांगणीला लागतो. खर्चही अधिक.

असे असूनही माझा कल आरएनएकडे का, ते सांगतो. सीरोटायपिंग उभे आहे ते विषाणूच्या एनएस४ या प्रथिनावर, कारण ते प्रकारागणिक बदलते आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडेही तशी वेगळी निघतात. १९८९ मध्ये विषाणू सापडल्यावर आलेल्या पहिल्या चाचण्यांमधील एनएस४ चा तुकडा प्रकार १ चा होता, त्यामुळे प्रकार ३ च्या रुग्णांचा प्रतिसाद त्यात फिका दिसे. आणि आपल्याकडे तर प्रकार ३ च सर्वाधिक आढळतो. पुढच्या चाचण्यांनी विषाणूच्या कोअर आणि एनएस३ या प्रथिनांचे तुलनेने स्थिर भाग जोडून संसर्गाचे निदान भक्कम केले, पण प्रकार सांगायचा तर पुन्हा एनएस४ कडेच यावे लागते.

मला अडले ते डायलिसिसच्या एका रुग्णापाशी. प्रतिपिंडांची प्राथमिक चाचणी स्पष्ट पॉझिटिव्ह, रक्तात विषाणू भरपूर, आणि सीरोटायपिंगच्या अहवालात एकच ओळ: ‘प्रकार ठरवता आला नाही’. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही तेच. प्रतिकारशक्ती मंदावलेल्या शरीरात प्रकारविशिष्ट प्रतिपिंडे पुरेशी तयारच होत नाहीत, हे मला ठाऊक होते. पण प्लास्टिकच्या पिशवीत जुने अहवाल घडी करून आणणाऱ्या त्यांच्या पत्नीला मी ते कोणत्या शब्दांत सांगणार होतो? आरएनएवरून प्रकार ३ निघाला. दुसऱ्या एकाच्या अहवालात दोन प्रकार आले. तो मिश्र संसर्ग, जुन्या संसर्गाची खूण की नुसती आडप्रतिक्रिया (एका प्रकाराची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तुकड्यालाही चिकटणे), हे प्रतिपिंडांवरून उलगडेना. शिवाय १ए आणि १बी या प्रकार १ च्या उपप्रकारांतला फरक सीरोटायपिंग सांगत नाही.

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांची औषधे मुख्यतः सिऱ्होसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) आहे की नाही यावर ठरतात, म्हणून अनेकांना प्रकार तपासण्याची गरजच उरत नाही. ज्यांना ती उरते, म्हणजे उपचार एकदा फसलेले किंवा प्रकार ३ ची शंका असलेले सिऱ्होसिसचे रुग्ण, त्यांच्या बाबतीत चुकीचे किंवा अर्धवट उत्तर परवडत नाही. आपल्याकडे प्लाझ्मा गोठवण्याची सोय नसेल, तर सीरोटाइपवर भागवण्यापेक्षा रुग्णाला सोय असलेल्या ठिकाणी रक्त द्यायला पाठवणे मला तरी अधिक योग्य वाटते.