बंद घराच्या माळ्यावरची ट्रंक आणि माझे ९५,५०० रुपये

जुन्या खेळण्यांच्या खोट्या सौद्यात एका ठगाने फसवले आणि माझे ९५,५०० रुपये गेले. ते परत मिळतील अशी आशा आता उरलेली नाही. परंतु तोच मनुष्य तीच पत्र्याची ट्रंक घेऊन दुसऱ्या कोणाला तरी गाठणार आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे. जुनी खेळणी जमवणाऱ्यांना ही तऱ्हा नवी नाही. आधी एक लहानसा चोख व्यवहार करून विश्वास मिळवायचा आणि मग गावाकडच्या बंद घराची गोष्ट सांगायची. मला त्याने प्रथम सावंतवाडीच्या चितारआळीतली जुनी लाकडी भातुकली १,८०० रुपयांना दिली. ती अस्सल निघाली, आजही कपाटात आहे, आणि तिच्याकडे पाहिले की तळपायाची आग मस्तकात जाते.

गोष्ट अशी की आजोबा बोटीवर खलाशी होते, परदेशातून खेळणी आणत असत आणि सिंधुदुर्गातले त्यांचे घर १९७१ पासून उघडलेलेच नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीचे चावीवर चालणारे हॉर्नबी हे खेळण्यातले रेल्वे इंजिन, तेही मूळच्या लाल पुठ्ठ्याच्या खोक्यासह, पाच डिंकी गाड्या (धातूच्या लहान खेळण्यातल्या मोटारी) आणि एक जपानी पत्र्याची मोटार असल्याचे फोटो आले. इंजिन १९२८ सालचे असल्याचे तो सांगत होता. मागणी १,२०,००० रुपयांची होती, सौदा ८६,५०० रुपयांना ठरला. त्यांपैकी ११,५०० रुपये बयाणा म्हणून मी यूपीआयने पाठवले.

मी फोटोवर भाळून सगळे पैसे पाठवणारा मनुष्य नव्हे. रत्नागिरीकडून गाडी करून त्या घरी गेलो, आजोबांच्या नावाची म्हणून दाखवलेली घरपट्टीची पावती वाचली आणि माल हातात घेतला. याहून अधिक काय करायला हवे होते, हे मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावे.

तरीही एक क्षण मनातून जात नाही. माजघरात शिरताच वर गणपतीची माटवी, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती लाकडी चौकट, दिसली आणि तिला वाळलेल्या डहाळ्या व सुरकुतलेली कवंडळे ही रानफळे अजून लोंबत होती. जे घर पन्नास वर्षे उघडलेले नाही, त्यात गेल्या चतुर्थीची माटवी कशी असेल? मी तसे विचारलेही. तो शांतपणे म्हणाला, “वाडीतली माणसं दिवा लावतात हो, देव उपाशी कसा ठेवायचा?” कोकणातल्या कोणत्याही माणसाला हे उत्तर पटले असते, आणि मलाही पटले. पुढे माळ्यावर चढलो तेव्हा वाशांवर चुलीच्या धुराची काळी काजळी होती, ट्रंकेवरची धूळ मात्र तांबडी, अंगणातल्या जांभ्याच्या मातीसारखी होती. कौले फुटलेली आहेत, वाऱ्याने आली असेल, असे मीच स्वतःला समजावले. त्याच फुटक्या कौलांखाली एवढे पावसाळे काढूनही खोक्याच्या पुठ्ठ्याला ना बुरशी लागली होती, ना वाळवी, ना कसर, हे माझ्या डोळ्यांसमोर होते. कोकणातल्या माळ्यावर वर्तमानपत्रसुद्धा दोन पावसाळे धड राहत नाही. मी ६०,००० रुपये रोख मोजले आणि १५,००० रुपये तिथल्या तिथे यूपीआयने दिले. रोख देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी देऊ नका.

दुसरी ट्रंक चुलत्याकडे आहे, ती अडवून ठेवायची आहे, असे सांगून त्याने नंतर आणखी ९,००० रुपये घेतले आणि त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद झाला.

घरी इंजिन उलटे केले तर तळाला स्टार स्क्रू. या फिलिप्स स्क्रूचे पेटंटच १९३६ चे आहे, तो १९२८ च्या इंजिनात कुठून येणार? अतिनील दिव्याखाली खोके निळे-पांढरे चमकले. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातले जाणारे ते रसायन १९५० च्या आधीच्या कागदात सहसा सापडत नाही. हा दिवा काही शे रुपयांना मिळतो, तो खिशात ठेवा. मोटारीचा गंजही बनावट होता. खरा गंज पत्र्याच्या दुमडीपासून आणि जोडाच्या पट्ट्यांपासून सुरू होतो, इथे दुमडी कोऱ्या आणि टपाच्या मधोमध मात्र गंजाचे डाग होते. डिंकी गाड्या तर सरळ नव्या प्रतिकृती निघाल्या. त्या राजरोस मिळतात, फक्त कोणी रंग खरवडून त्यांना म्हातारे करत नाही.

शेजारच्या घरी नंतर चौकशी केली तेव्हा कळले की खरे मालक मुंबईला असतात आणि दर चतुर्थीला येतात. “शूटिंगसाठी घर बघायचं आहे” असे सांगून त्या मनुष्याने किल्ली मागून घेतली होती. तेव्हा सौद्याआधी शेजाऱ्यांशी बोला, आणि विकणारा सोबत नसताना बोला.

आता यंत्रणेविषयी. पोलीस ठाण्यात हवालदाराने खेळणी टेबलावर मांडायला लावली, दोघातिघांना बोलावले आणि विचारले, “काका, नातवंडांसाठी घेतलीत का?” साहेबांनी हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगितले. खोटी वस्तू, खोटे घर आणि खोटी ओळख दाखवून पैसे घेणे हे दिवाणी कसे, असे विचारल्यावर गुन्हा सिंधुदुर्गात घडला, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. तिकडे गेलो तर तुम्ही राहता तिथे तक्रार करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी ते कलम छापून नेले होते, तो कागद न वाचताच माझ्याकडे परत सरकवण्यात आला. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते; मी पाठवली आहे, पोच आली आहे, बाकी काही नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फक्त ३५,५०० रुपयांची तक्रार घेतली गेली, कारण रोख दिलेल्या ६०,००० रुपयांना कसलाच पुरावा नाही. बँकेने तर हात झटकून टाकले: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पैसे ज्या खात्यात गेले ते खाते कोणाचे, एवढे साधे सांगायलाही ती तयार नाही; पोलिसांचे पत्र आणा म्हणते, आणि पोलीस म्हणतात की गुन्हाच दाखल नाही तर पत्र कसले?

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या संग्राहकाला फोटो आले आहेत. ट्रंक तीच, आजोबा तेच, फक्त घर आता गुहागरकडचे झाले आहे आणि मागणी १,३५,००० रुपयांची आहे. ट्रंक निळी आहे, झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला पोचा आहे आणि गंजलेल्या कडीकोयंड्याला चार नवे स्टार स्क्रू आहेत. हे फोटो कोणाला आले असतील तर ते पुसू नका. क्रमांक, तारीख आणि त्याने दिलेला यूपीआय आयडी जपून ठेवा, कारण दुसरी तक्रार आली तर पाहू, असे साहेब मला म्हणाले आहेत.